आणतो पोरगा, पोसते माय

गावात कुत्रं आणायचा निर्णय बहुतेक घरांत सहावी-सातवीतला पोरगा घेतो. शाळेतून येताना शर्टाच्या आतून पिल्लू निघतं, बाप ‘आणलंच हाय तं राहू दे’ म्हणतो आणि आजोबा मोत्या नाहीतर शेरू असं नाव ठेवून मोकळे होतात. (जंगल इतकं जवळ असूनही आमच्याकडे ‘टायगर’ ढिगाने आहेत. खरा वाघ गावाकडे फिरकला की सगळे टायगर खाटेखाली असतात.) पुढची बारा-तेरा वर्षं त्याच्यापुढे भाकर कोण टाकतं, ओसरीवरची घाण कोण उचलतं, आणि त्याने कोंबडी धरली की शेजारणीच्या शिव्या कोण खातं, हे सांगायला नको. म्हणून कुणी मला ‘कोणतं कुत्रं आणू’ विचारलं की मी उलट विचारते, दुपारी घरी कोण असतं? आणि त्या माणसाला विचारलं का?

मी राहते वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगे तालुक्यात. एका अंगाला संत्र्याच्या बागा, दुसऱ्या अंगाला बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, मधे कपाशी आणि तूर. माहेरी-सासरी दोन्हीकडे कुत्री पाहत आले. हल्ली नात्यातले लोक गावाकडे घरं बांधायला लागल्यापासून वर्ध्याहून, नागपूरहून मला फोन येतात. लॅब्रॅडॉर घेऊ, जर्मन शेफर्ड घेऊ की हस्की? जातीचा प्रश्न गैर नाही, पण तो तिसरा-चौथा. पहिला प्रश्न माणसाचा आणि दुसरा उन्हाचा.

माणसाचा यासाठी, की कुत्रं घराचं असतं असं आपण नुसतं म्हणतो. प्रत्यक्षात ते एका माणसाचं असतं, आणि तो माणूस बहुधा फोन करणारा नसतो. एका नातेवाइकाने गावच्या घरासाठी लॅब्रॅडॉर आणला. घरी त्याचे आई-वडील, दोघंही सत्तरीपुढचे. लॅब स्वभावाने गोड, पण दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत ते तीस किलोचं लेकरूच असतं, आनंद झाला की अंगावर उड्या. ओल्या अंगणात त्याने एकदा आजीला पाडलं, तेव्हापासून तो साखळीला. आता दिवसभर भुंकतो. ‘लॅब काही चांगला निघाला नाही’ असं ते सांगतात. लॅब जसा असतो तसाच निघाला होता.

म्हाताऱ्या माणसांच्या घरी तीन-चार वर्षांचं, अंगात शांतपणा आलेलं कुत्रं बरं. पिल्लूच पाहिजे हा हट्ट मला कधी समजला नाही. पिल्लाचा स्वभाव अजून ठरायचा असतो. जे मोठं कुत्रं रोज तुमच्या फाटकाशी येऊन बसतं, ते पोरांशी कसं वागतं, सायकलमागे धावतं की नाही, बकरी दिसली की काय करतं, हे सगळं तुम्ही फुकटात पाहिलेलं असतं. त्याला घरात घ्या, लस द्या, गळ्यात पट्टा बांधा. आणि घरात पाचेक वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर कुत्रं कितीही गरीब असो, दोघांना एकटं सोडायचं नाही. लेकरू कुत्र्याच्या ताटलीत हात घालतं. कुत्र्याने गुरगुरून सांगितलेलं त्याला कळत नाही.

आता ऊन. हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. एप्रिल अर्धा झाला की आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, आणि मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी सडकेवर चिटपाखरू दिसत नाही. माणसाला निदान घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या तळव्यांना, आणि तेवढ्याने काही होत नाही. त्याची सगळी भिस्त धापेवर. जीभ बाहेर काढून, भरभर श्वास घेऊन तो तोंडातली ओल उडवतो, त्यातूनच अंग थंड राहतं. मग ज्या कुत्र्याचं नाक माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आत दाबत नेलं, त्या पगने करावं काय? त्याला हिवाळ्यातही घोरल्याशिवाय श्वास घेता येत नाही. २००३ च्या सुमाराला एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो पोरामागे चालताना दिसला आणि देशभर पगचं खूळ आलं. ते आपल्या तालुक्यांपर्यंत उतरायला थोडी वर्षं लागली इतकंच.

हस्की तर सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला घडवलेलं जनावर, अंगावर केसांचे दोन थर. ओळखीच्या एका घरी आहे. त्याच्यासाठी एसीची खोली आहे. गावात मे महिन्यात लाईन कधी जाते आणि कधी येते याचा भरवसा नाही. लाईन गेली की घरातली बाई एका हाताने त्याला पंखा घालते आणि दुसऱ्या हाताने महावितरणला फोन लावते. उन्हाळ्यात त्याचे केस भादरून टाकावेत असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तो दुहेरी केसाळपणा उन्हालाही अडवतो, भादरला की कातडी भाजते. खरं तर हस्की आणूच नये, एवढं बोलून मी गप्प बसते, कारण आणणारे तोवर आगाऊ पैसे देऊन आलेले असतात.

आमच्या गावठी कुत्रीचं, भुरीचं, उन्हाळ्याचं वेळापत्रक बघण्यासारखं असतं. सकाळी नऊ-दहालाच ती रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुढच्या पायांनी उकरते, वरची कोमट वाळू मागे फेकते, खालची गार लागली की पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे पसरून पडते. दुपारी रांजणाची सावली सरकली की उठून कूलरच्या मागे, जिथे ताट्यांचं पाणी ठिबकतं तिथे. संध्याकाळी सहापर्यंत तिला कुणी पाहुणा आला काय, चोर आला काय, सारखंच. हे तिला कुणी शिकवलं नाही. आखूड केस, सडपातळ अंग, लांब नाक, उभे कान ही गावठी कुत्र्याची ठेवण याच हवेत हजारो वर्षं टिकून तयार झाली आहे.

तरी ऊन तिलाही लागू शकतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. ते १०५ च्या वर गेलं, धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, झोकांड्या जायला लागल्या की दवाखाना शोधण्याआधी पाणी. साधं पाणी, पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहायचं आणि पंख्याखाली ठेवायचं, मग गाडीत घालायचं. ओलं पोतं गुंडाळून ठेवतात ते चूक, पोतं गरम होतं आणि आतली उष्णता आतच कोंडते. आणि मेमध्ये डांबरी सडकेवर कुत्र्याला फिरवायला नेणाऱ्याने आधी स्वतःची चप्पल काढून मिनिटभर उभं राहावं.

ज्यांना जातिवंतच पाहिजे, त्यांना मी आपल्याकडच्या जाती सांगते. मुधोळ हाउंड, ज्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात, लांब केसांचा असला तर पश्मी. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या संस्थानिकांनी, मालोजीराव घोरपड्यांनी, ही जात जोपासली. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ आहे, राजापालयम आहे, रामपूर आहे. उन्हाला हे कुत्रं आपल्यातलं. पण ते धावायला जन्मलेलं आहे. रोज मोकळं रान लागतं, आणि समोर काही पळालं की मालकाची हाक त्याच्या कानात शिरत नाही. बकऱ्यांच्या गावात हे डोकेदुखीचं काम. आणि ‘ससा धरते का’ असं जे कौतुकाने विचारतात त्यांना सांगून ठेवते, कुत्रं सोडून ससा मारणं हीसुद्धा शिकारच, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा. वनखात्याचा माणूस कुत्र्याची जात विचारत नाही.

गावठीच घ्यायचं ठरलं, तर पिल्लू नंतर बघा, आधी त्याची माय बघा. बाप कोण ते कुणालाच ठाऊक नसतं, पण माय कुठल्यातरी कोठ्यात, कुटाराच्या ढिगात नाहीतर पडक्या भिंतीच्या आडोशाला पोरं घेऊन पडलेली असते. चार दिवस जाता-येता तिच्याकडे थांबा, हातातलं काही टाका. पिल्लांपाशी मायने गुरगुरणं साहजिक आहे. पण रोज भाकर देणारी बाई आली तरी ती दात दाखवत असेल, किंवा माणूस दिसताच पोरं टाकून पळत असेल, तर तिथलं पिल्लू सोडा. भित्रेपण रक्तातूनही येतं आणि मायकडे बघून बघूनही येतं. चावणारी कुत्री बहुतेक भित्र्यांतूनच निघतात.

वयाचं मात्र गावात कुणी ऐकत नाही. आमच्याकडच्या कुत्र्यांच्या जोड्या बहुतेक कार्तिकात जमतात, त्रेसष्ट दिवसांच्या आगेमागे पिल्लं होतात, म्हणजे संक्रांतीचा सुमार. पंधरवड्यात डोळे उघडतात आणि डोळे उघडले की पोट्ट्यांचे हात शिवशिवतात. शिवरात्रीपर्यंत अर्धी पिल्लं वाटून झालेली असतात, महिन्याभराची, धड खाता न येणारी, रात्रभर कुंई-कुंई करणारी. पिल्लू आठ आठवडे मायपाशी पाहिजे. दुधासाठी तर पाहिजेच, पण भावंडांसाठीही. खेळता खेळता जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबवतं, त्यातून दात किती दाबायचे हे पिल्लू शिकतं. लवकर उचललेल्याला ते शिकवायला तुमच्या पोराचा हात वापरावा लागतो. संक्रांतीचं पिल्लू होळीला आणावं, हा माझा साधा हिशोब. आणि मायपासून आणलं की चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस वाया घालवू नका. या वयात जे पाहिलं, हुंगलं, ऐकलं त्याची भीती पुढे राहत नाही. ट्रॅक्टर, भजनातले टाळ, छत्री, काठी टेकत येणारा म्हातारा, मळणीयंत्र, सगळं लांबून दाखवायचं आणि सोबत काहीतरी खायला द्यायचं.

पाच-सहा पिल्लांतून कोणतं उचलायचं? पळत येऊन साडीचा काठ ओढणारं सगळ्यांना आवडतं. ते सहसा आडदांड निघतं. कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्याची दया येते. दयेने आणलेलं भित्रं पिल्लू सांभाळायला वेळ असलेलं घर लागतं. मी एक स्टीलची ताटली थोड्या अंतरावर दगडावर टाकते. सगळी दचकतात, दचकायलाच पाहिजे. कोणतं पिल्लू थोड्या वेळाने परत येऊन ताटली हुंगतं ते बघायचं. तेच घ्यायचं. मग उचलून ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी असाव्यात. पांढुरक्या असतील तर जंत, पिसवा नाहीतर गोचीड रक्त पिऊन राहिलेत. पोट टम्म आणि बरगड्या उघड्या असतील तर जंत नक्की. डोळ्यांत चिपाडं, शेपटीखाली घाण असेल तर थांबा.

‘गावठ्याले काई होत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि इतकं खोटं दुसरं काही नसेल. जी कुत्री मोठी दिसतात ती उरलेली असतात, गेलेली दिसत नाहीत एवढंच. पश्चिम बंगालमध्ये मोकाट कुत्र्यांच्या पिल्लांवर अभ्यास झाला, त्यात सात महिन्यांपर्यंत पाचातलं जेमतेम एक टिकलं. मेलेल्यांतली पुष्कळशी माणसांमुळे, गाड्यांखाली वगैरे. आणि रोगांत पहिला पार्व्हो. आदल्या दिवशी खेळणारं पिल्लू अन्नाला तोंड लावत नाही, ओकत सुटतं, आणि मग रक्ताची हगवण, जिचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. घरगुती उपाय नाही. वेळेत सलाइन लागलं तर काही वाचतात. तो विषाणू अंगणाच्या मातीत कित्येक महिने राहतो, फिनाइलला दाद देत नाही, ब्लीचिंगच्या पाण्याने मरतो. ज्या अंगणात पार्व्होने पिल्लू गेलं तिथे वर्षभर बिनलशीचं दुसरं आणायचं नाही.

यावरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत. गावच्या सरकारी दवाखान्यात ती मिळेलच असं नाही, तिथला कारभार ढोरांभोवती चालतो आणि ते बरोबरच आहे. शहरातल्या मेडिकलमधून आणायची तर बर्फाच्या थर्मासमध्ये आणा. एसटीच्या खिडकीशी मांडीवर कागदी पिशवीत आलेली लस आणि पाणी यांत फरक नाही. जंताचं औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर महिन्याला, सहा महिन्यांपुढे वर्षातून चारदा. खरजेवर गाडीचं जळकं ऑइल फासतात ते मात्र कृपा करून बंद करा. कुत्रं ते चाटतं, आणि डॉक्टरच्या एक-दोन इंजेक्शनांत बरी होणारी खरूज राहते बाजूला.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि मग दर वर्षी. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चरचा स्मृतिदिन, तोच जागतिक रेबीज दिन, त्या सुमाराला आमच्याकडे शिबिर झालं होतं. पोट्टे दोऱ्या, पोती, साडीच्या चिंध्या घेऊन गावभर कुत्री धरत फिरत होते. पारावरचा काळ्या तर पाच घरांत जेवतो. डॉक्टरांनी रजिस्टर उघडून विचारलं, मालकाचं नाव? कुणी बोलेना. जेवू घालणारी पाचही घरं हजर होती, पण नाव लिहायचं म्हटल्यावर प्रत्येकाला उद्या तो कुणाला चावला तर काय, ते आठवलं. शेवटी चक्कीजवळची म्हातारी पुढे आली, “माह्यावालं लिहा. शिळी भाकर तं मीच देतो त्याले.” कुत्रं कुणाचं, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं असतं.

रेबीजबद्दल गावाला दोन गोष्टी ठाऊक नसतात. एक, पिसाळलेलं कुत्रं ढोरांनाही चावतं. गाय लाळ गाळायला लागली, हंबरता हंबरता आवाज घोगरा झाला, चारा गिळेना, की घशात काही अडकलं म्हणून माणूस सरळ तोंडात हात घालतो. असा हात घालू नका, डॉक्टरला बोलवा. दुसरी, पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचे दिवस कधीच गेले. भीतीने लोक अजून दवाखाना टाळतात आणि चावलेल्या जागी चुना नाहीतर मिरची भरतात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, तशीच उघडी ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. दंडात ठरल्या दिवशी चार-पाच सुया, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच सीरमचं इंजेक्शन. लक्षणं दिसायला लागल्यावर मात्र काही उपाय उरत नाही.

बांधायचं की सोडायचं यावर आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद आहे. सासरे म्हणायचे, बांधलेलं कुत्रं राखण करत नाही. ते खरं आहे. चोवीस तास साखळीला असलेलं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांवर सारखंच भुंकतं, त्यातून काही कळत नाही, आणि साखळी सुटली त्या दिवशी ते चावतं. पण मोकळं सोडलं की ते आपल्याच मनाचं. टोळी करून रानात चितळामागे लागतं, कुणाची बकरी पाडतं, नाहीतर उकिरड्यावरून काहीतरी खाऊन येतं. आमचं ठरलेलं असं : दिवसा फाटक लावून अंगणात मोकळी, सकाळ-संध्याकाळ वावरापर्यंत सोबत, आणि अंधार पडला की कोठ्यात, दार लावून.

रात्री आत घेण्याचं कारण बिबट. जंगलालगतच्या गावात कुत्रं हे त्याचं सोपं खाणं. उघड्या अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळायची सोय नसते, एक आवाजही होत नाही, सकाळी नुसती साखळी सापडते. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, तो मान वाचवायला. पण पट्ट्यापेक्षा दार बरं. राखण तशीही आतून होते. कुत्र्याने भुंकून सांगायचं, बाकीचं बॅटरी घेऊन माणसाने. म्हणून संत्र्याच्या बागेत एकटं ठेवायला ‘डेंजर’ कुत्रं मागणाऱ्यांना मी नाहीच म्हणते. एकटं राहून ते पिसाटतं, आणि रानडुकराच्या सुळ्यापुढे रॉटवायलरचंही पोट फाटतं. जंगलात शेण-सरपणाला जाताना कुत्रं नेऊ नये हेही त्यात आलं. वाघ दिसला की ते भुंकत पुढे जातं आणि घाबरलं की पळत तुमच्याकडेच येतं, मागे कोण आहे ते न बघता.

वावरात त्याला सगळ्यात मोठा धोका वाघाचा नाही, आपलाच. ऑगस्टपासून फवारणी सुरू होते. औषध कालवलेल्या ड्रमचं पाणी, धुऱ्यावर टाकलेल्या रिकाम्या बाटल्या, उंदरांसाठी ठेवलेलं पीठ. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा माणसांचीच ही गत तर चार पायांवर ओल्या पऱ्हाटीतून जाऊन नंतर स्वतःचं अंग चाटणाऱ्याची काय. लाळ, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, म्हणजे विष. मीठ-पाणी पाजत बसू नका, बाटलीचं लेबल घेऊन ढोरांचा डॉक्टर गाठा, याला उतारा आहे. वावराचं औषध गोचिडांसाठी कुत्र्याच्या अंगावर ओतणारेही पाहिलेत. गोचिडाचं औषध वेगळं मिळतं, आणि लिहिलं तेवढंच पाण्यात घालायचं असतं. वावराच्या तारेला लावतात त्या झटका मशीनचा झटका कुत्र्याला एकदा बसला की ते पुन्हा तारेजवळ जात नाही. काही जण तारेत थेट लाईन सोडतात, त्याने कुत्रंच काय, माणूसही उरत नाही.

खाण्याचं फार अवघड नाही. ज्वारीची भाकर, भात, बिनतिखटाचं वरण, ताक, अधूनमधून अंडं, कोंबडीवाल्याकडची मुंडकी-पाय उकडून, हाडं काढून. शिजलेल्या हाडाच्या चिरफळ्या होतात आणि आतडं फाडतात. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नाही. सावजी रस्सा तर नाहीच, मग पाहुणे कितीही प्रेमाने देवोत. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कोंबायची नाही.

राहता राहिलं नर की मादी. गावात मादी कुणी घेत नाही. पिल्लांची वाटणी होते तेव्हा नर जातात, उरलेल्या माद्या पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडतात, आणि त्या गावची माणसं त्यांच्या माद्या आपल्याकडे सोडतात. माझा सल्ला उलटा आहे, मादीच घ्या. ती घर धरून राहते, कार्तिकात आठ-आठ दिवस गायब होऊन कान फाडून घेऊन येत नाही, लेकरांशी समजून वागते. अडचण एकच, माजाची आणि पिल्लांची, ती सहाव्या महिन्याच्या सुमाराला नसबंदीच्या ऑपरेशनने मिटते. गर्भाशयात पू होणं टळतं, आणि पहिल्या माजाआधी केलं तर थानांच्या गाठींचा धोकाही फार कमी होतो. मोकाट नरांशी जुगताना लागण होऊन मायांगाशी येणारी रक्ताळलेली गाठही मग सहसा नशिबी येत नाही. (ती झालीच तर दर आठवड्याच्या इंजेक्शनाने बरी होते. कुत्रं टाकून देऊ नका.)

भुरीला आम्ही नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं होतं. नवरा आधी म्हणाला, गावठी कुत्रीसाठी नागपूर? लोक हसतील. लोक हसलेच. कोंढाळीपर्यंत ती दोनदा ओकली, सीटवर. आदल्या रात्रीपासून उपाशी होती म्हणून नुसतं पाणीच. परत आल्यावर तिने टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन देतात, तो तिने संध्याकाळपर्यंत दाराच्या चौकटीवर आपटून फोडला. मग मी नवऱ्याची जुनी बंडी घेतली, पुढचे पाय बाह्यांतून काढले, पाठीवर गाठ मारली आणि शेपटीपाशी कात्रीने जागा केली. टाके निघेपर्यंत ती पांढऱ्या बंडीत गावभर मिरवायला निघायची आणि मी तिला फाटकाच्या आत ओढायची.

तेव्हा सगळ्यात जास्त हसलेली शेजारची काकू गेल्या कार्तिकात डॉक्टरचा नंबर घेऊन गेली, तिच्या लालीसाठी. तेही झालं. आता परवा भिंतीवरून डोकावून विचारत होती, “काऊन वो बाई, बोक्याचंबी करते का थो डॉक्टर?” करतात म्हटलं.